पॉलिओलला ओल लागली की पफ का बिघडतो? आणि फुगलेल्या आयसोच्या ड्रमचं काय करू?

तेरणेकाठ

नमस्कार मंडळी. लातूरच्या एमआयडीसीत आमचं सोलर वॉटर हीटरच्या टाक्या बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. आत स्टीलची टाकी, बाहेर पत्रा आणि मधल्या पोकळीत पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा (पीयू) फोम. पफसाठी दोन ड्रम येतात. एकात पिवळसर पॉलिओल, दुसऱ्यात गडद तपकिरी आयसो, म्हणजे आयसोसायनेट. दोन्ही काट्यावर मोजायचे, ड्रिलला लावलेल्या पात्यानं काही सेकंद घुसळायचे आणि पत्र्याच्या भोकातून ओतायचे. बघता बघता माल पांढरट होऊन वर चढतो.

तक्रार अशी की मृगाचा पाऊस झाला की मालाचं वागणं बदलतं. प्रमाण तेच, पोरं तीच, पण फोम जास्त चढतो, फटींतून बाहेर येतो, आणि कापून बोटानं दाबला तर भुगा होतो. काही टाक्यांत नंतर फोम पत्र्यापासून सुटून आत ओढला गेलेला दिसला. सप्लायर म्हणतो, "पाणी गेलंय, बूच लावत जा." पोरं म्हणतात बूच लावलेलंच होतं, आणि मीही बघितलंय, लावलेलंच असतं.

दुसरी भानगड म्हणजे आयसोचा एक अर्धा ड्रम फुगलाय. वरचं झाकण मधोमध चांगलं दोन बोटं वर आलंय. तो सावलीत एकटा ठेवलाय, कुणाला जवळ जाऊ देत नाही. जाणकारांनी सांगा, एवढ्याशा ओलीनं एवढं कसं होतं? आणि त्या ड्रमचं काय करायचं?

कुंथलगिरीचा पेढा

शीर्षकात 'ओल' वाचून पेरणीचा धागा समजून आलो होतो. चार बोटं ओलीवर सोयाबीन टाकावं का, यावर तावातावानं लिहायची तयारी होती. आता आलोच आहे तर बसतो. पण त्या ड्रमापासून लांब राहा राव.

बेन्झीनवलय

आधी ड्रमचं बोलू, रसायनशास्त्र कुठं पळून जात नाही.

त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब साठलाय. छिन्नी, ग्राइंडर, गॅस कटर यातलं काहीही त्याच्या जवळ न्यायचं नाही. उन्हात ठेवायचा नाही, आडवा पाडायचा नाही, लोळवायचा तर नाहीच. सप्लायरला आजच लेखी कळवा आणि दाब सोडायचं काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. तो तोंडावर ढाल लावून, बाजूला उभा राहून, लहान बूच अगदी थोडं थोडं सैल करेल. दाब गेला की ड्रम पुन्हा बंद करायचा नाही. आतली अभिक्रिया संपलेली नसते. उद्या-परवा तो परत फुगेल, आणि या वेळी सगळे निर्धास्त असतील.

आता कारण. आयसोसायनेट गटात नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन असे तीन अणू ओळीनं असतात, मधे दोन्हीकडे दुहेरी बंध. दोन्ही शेजारी कार्बनकडचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन जो येईल त्याला तो कार्बन धरतो. पॉलिओलचा हायड्रॉक्सिल गट आला तर युरेथेनचा जोड बनतो. बाहेर काही पडत नाही, विषय संपला. पाणी आलं तर आधी कार्बामिक आम्ल बनतं, पण त्याला स्थैर्य नाही. ते कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि मागं अमाइन उरतो. हा अमाइन पाण्यापेक्षा चपळ. तो दुसरा आयसो गट गाठतो आणि युरियाचा जोड होतो.

म्हणजे पाण्याचा एक रेणू आला की आयसोचे दोन गट खर्च, एक रेणू गॅस, एक युरिया. वाढीव फुगण्याचं कारण तो गॅस आणि भुग्याचं कारण बव्हंशी तो युरिया. युरियाचे जोड कडक असतात आणि एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून गठ्ठे करतात. गादीच्या मऊ फोमला तेवढ्यामुळेच ताकद येते. तुमचा फोम मुळात कडक, त्यात हे वाढलं की ठिसूळपणा येतो.

आणखी एक. उत्प्रेरक नसताना पाणी आणि प्राथमिक हायड्रॉक्सिल यांचा आयसोशी अभिक्रियेचा वेग जवळपास सारखाच असतो. दुय्यम हायड्रॉक्सिल तर पाण्याच्या साधारण एक तृतीयांश वेगानं चालतो. 'थोडंसं पाणी आहे, पॉलिओल त्याला पुरून उरेल' अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. पाणी रांगेत मागं उभं राहत नाही.

तेरणेकाठ

आभारी आहे. सप्लायरला मेल टाकला. पण मला आकड्यांत कळलं तर बरं. पोरांना 'ओल लई वाईट' म्हणून सांगितलं तर ते मान डोलावतात आणि तेच करतात.

वाळूजचा वाटसरू

आकडे मी देतो. वाळूजला गाड्यांच्या सीटच्या फोममध्ये क्वालिटीला होतो, पोटापाण्यासाठी हाच हिशेब केलाय.

पाण्याचा रेणुभार १८. पण ते दोन गट खातं, म्हणून तुल्यभार, म्हणजे एका गटामागे लागणारं वजन, ९. तुमचा आयसो म्हणजे पॉलिमेरिक एमडीआय, आयसोसायनेटचाच एक प्रकार. त्यात आयसो गट वजनानं साधारण ३१ टक्के, एका गटाचं वजन ४२, म्हणजे तुल्यभार १३५ च्या आसपास. १३५ भागिले ९ करा. एक ग्रॅम पाणी पंधरा ग्रॅम आयसो संपवतं. या सगळ्या प्रकरणाची मेख हीच आहे. वजनानं पाणी चिल्लर दिसतं, पण गट मोजले तर ते सगळ्यात महाग गिऱ्हाईक आहे.

आता शंभर किलो पॉलिओलमध्ये अर्धा टक्का जादा ओल धरा. अर्धा किलो पाणी. त्यानं साडेसात किलो आयसो खाल्लं. तुम्ही प्रमाण तेच ठेवलंत, म्हणजे पॉलिओलच्या वाट्याला तेवढं आयसो कमी आलं. आणि त्या अर्ध्या किलोतून सव्वा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघाला, २५ अंशांना जवळजवळ पावणेसातशे लिटर. फटीतून माल बाहेर येणार नाही तर काय?

ओल मोजायला कार्ल फिशर टायट्रेशन असतं. मशीन तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल, पण बाटली भरून लॅबला पाठवता येते. बाटली कोरडी ठणठणीत आणि काठोकाठ भरलेली हवी, नाहीतर बाटलीतलीच ओल मोजून पैसे जातील. रोजच्यासाठी सोपी चाचणी म्हणजे कप टेस्ट. ठरलेल्या वजनाचा माल कागदी कपात घुसळायचा, स्टॉपवॉच लावायचं, क्रीम टाइम (माल पांढरट होऊन फुगायला लागतो ती वेळ), जेल टाइम (तार सुटायला लागते ती वेळ) लिहायचा, फोम किती उंच गेला ते बघायचं आणि थंड झाल्यावर एक तुकडा कापून डेन्सिटी काढायची. नवा ड्रम उघडला त्या दिवशीचा कप शेल्फवर ठेवून द्या. पावसाळ्यातला कप त्याच्या शेजारी ठेवला की पोरांना भाषण द्यावं लागत नाही.

तेरणेकाठ

कप टेस्ट उद्याच सुरू करतो. पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. बूच लावलेलं असताना पाणी आत कुठून जातं?

वाळूजचा वाटसरू

ड्रम उभे आणि उघड्यावर ठेवता का?

तेरणेकाठ

हो. शेडमधे जागा नाही. वर ताडपत्री असते, पण वाऱ्यानं उडते.

वाळूजचा वाटसरू

मग मिळालं. ड्रमच्या वरच्या कडेला उभी किनार असते. पाऊस झाला की झाकणावर पाण्याचं तळं साचतं आणि बूच नेमकं त्या तळ्यात. दुपारी ड्रम तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी सर आली, पत्रा एकदम गार झाला की आत ओढ निर्माण होते आणि ड्रम हवेऐवजी ते पाणीच आत घेतो. बूच हातानं घट्ट वाटलं तरी रबरी वायसर जुना असला की पुरतं. पोरं खोटं बोलत नाहीयेत.

फुगलेल्या ड्रमबद्दलही हाच संशय. नुसत्या दमट हवेनं एवढं होत नाही. बघा, अर्धा ड्रम म्हणजे शंभर लिटर पोकळी. पावसाळ्यातल्या एका घनमीटर हवेत वीसेक ग्रॅम बाष्प असतं, म्हणजे त्या पोकळीत दोन ग्रॅम. त्यातून पावणेतीन लिटर गॅस. झाकणाला ते जाणवणारही नाही. पण शंभर मिली पाणी शिरलं तर सव्वाशे लिटरच्या वर गॅस, तोही शंभर लिटरच्या बंद जागेत. आतला दाब वातावरणाच्या सव्वादोन पटीच्या वर जातो. पातळ पत्र्याचं झाकण तिथं वाकणारच.

यात दगाबाजी अशी आहे की हे लगेच होत नाही. एमडीआय पाण्याहून जड, घनता १.२३ च्या आसपास, आणि दोघं मिसळत नाहीत. पाणी वर तरंगतं, सीमेवर युरियाची साय धरते आणि काम सावकाश चालतं. शनिवारी पाणी गेलं तर सोमवारी ड्रम फुगलेला दिसतो, मग कुणाच्या पाळीत झालं यावर भांडणं. तेच जर पॉलिओलचं भांडं न पुसता आयसोत बुडवलं तर मामला जोरात होतो, कारण त्या पॉलिओलमध्ये पाणी, साबणासारखं काम करणारं सिलिकॉन आणि उत्प्रेरक असा सगळा लवाजमा असतो. दोन्ही ड्रमांची भांडी वेगळी ठेवा, रंग मारून ठेवा.

ड्रम छपराखाली हलवा. जमतच नसेल तर आडवे ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे, म्हणजे बुचावर पाणी साचत नाही. वापरातल्या ड्रमला सिलिका जेलची नळी लावा, आत जाणारी हवा तिथून कोरडी होऊन जाईल. सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरायचं.

बेन्झीनवलय

+१. वायसरचा मुद्दा एकदम बरोबर.

फोम आत ओढला जाण्याबद्दल कुणी बोललं नाही. तुमच्या पॉलिओलच्या कागदावर फुगवणारं द्रव्य काय लिहिलंय ते बघा. पूर्वी या कामाला एचसीएफसी-१४१बी चालायचं. ओझोनच्या करारापायी १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे त्याची आयात बंद झाली. मग कुणी सायक्लोपेंटेनकडे गेलं, आणि ज्यांना आग-स्फोटाच्या सुरक्षेचा खर्च परवडत नाही त्यांच्यापुढे पाण्यावर फुगणारा पॉलिओल हा एक रस्ता उरला. त्यात पाणी मुद्दाम, मोजून घातलेलं असतं. म्हणजे तुमचा फोम चांगल्या दिवशीसुद्धा कार्बन डायऑक्साइडवरच फुगत असणार. वरून आलेलं पाणी तेवढं हिशेबाबाहेरचं.

आता गंमत बघा. फोमच्या बंद पेशींत कार्बन डायऑक्साइड भरलाय. हा वायू पेशींच्या भिंतीतून झटझट बाहेर निघतो, पण बाहेरची हवा तेवढ्या चालीनं आत येत नाही. काही काळ पेशींच्या आत दाब कमी पडतो. भिंती जाड असतील तर फोम ते सोसतो. जादा पाण्यानं जास्त फुगलेला, हलका फोम सोसत नाही, आकसतो आणि पत्रा सोडतो. त्यामुळे टाकीत ओतायचं वजन वाढवून डेन्सिटी ४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास आणा. चार पैसे जास्त जातील.

उष्णतेच्या बाजूनंही तोटा आहेच. कार्बन डायऑक्साइडची उष्णता वाहकता हवेपेक्षा कमी, ०.०१६ विरुद्ध ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन. जसजशी त्याची जागा हवा घेते तसतशी टाकी रात्रीतून जास्त निवते. गिऱ्हाईक म्हणतं पहिल्या वर्षी सकाळी पाणी कडक असायचं, आता कोमट येतं, आणि आपण त्याला क्षारांचं कारण सांगतो.

नांदेडचा गच्चीवाला

चांगला धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा वॉटरप्रूफिंगचा धंदा आहे, आमचं रडगाणं उलटं. आमचं पीयू कोटिंग एका डब्यातलं, ते हवेतल्या ओलीवरच वाळतं. मे महिन्यात नांदेडात हवा अशी कोरडी की माल चिकटच राहतो. आम्ही म्हणलं, हवेत ओल नाही तर आपण देऊ. पंपानं बारीक पाणी मारतो. वाळतं, पण कधी कधी वर मोहरीएवढे फोड येतात. आता कळालं फोड कशाचे ते. पण पाणी न मारता वाळवायचं कसं? मराठवाड्याच्या हवेत हे माल चालतच नाहीत असं माझं मत झालंय.

बेन्झीनवलय

फोडांचं बरोबर ओळखलंत. वरची साय आधी धरते, खाली गॅस तयार होत राहतो, त्याला वाट मिळत नाही.

पण हवेबद्दल मी असहमत. आर्द्रतेचा टक्का बघू नका, हवेत पाणी किती ग्रॅम आहे ते बघा. या मालांच्या कागदावर वाळण्याचा वेळ बहुतेक २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दिलेला असतो. त्या हवेत घनमीटरला साधारण १०.३ ग्रॅम बाष्प. आता तुमची मे महिन्यातली दुपार घ्या, ४० अंश, २० टक्के. गरम हवा मुळात पाणी जास्त धरते, म्हणून तिच्यातही १०.२ ग्रॅम निघतं. अगदी १५ टक्के धरलं तरी साडेसात-पावणेआठ. वर ४० अंशांना अभिक्रियेचा वेगही वाढलेला. मालाच्या दृष्टीनं तुमचा मे अजिबात कोरडा नाही.

खरा कोरडा काळ जानेवारीतली पहाट. १२ अंश, ५० टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच ग्रॅम, आणि थंडीनं अभिक्रियाही सुस्त. श्रावणात २५ अंश, ९० टक्के म्हणजे वीस ग्रॅमच्या वर.

नांदेडचा गच्चीवाला

सर, गणित पटतंय, पण मग चिकट का राहतं? मी गच्चीवर असतो, कागदावर नाही. हाताला लागतं.

बेन्झीनवलय

थर किती जाड मारता? ओल वरून आत झिरपत जाते, आणि वर जेवढं वाळलंय तेवढी तिची वाट लांबते. म्हणून थर दुप्पट केला तर वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. उन्हाळ्यात वरची साय पटकन धरते, आत माल ओला राहतो, वरून चालला की पाय रुततो. तो कोरड्या हवेचा दोष नाही.

नांदेडचा गच्चीवाला

एका कोटात उरकायचा आग्रह गिऱ्हाईकाचा असतो. दोनदा मजुरी लागते ना. तरी पातळ दोन कोट मारून बघतो. पाणी मारायचं मात्र लगेच सोडणार नाही, कोपऱ्यात एक पट्टा बिनपाण्याचा ठेवून बघीन.

वाळूजचा वाटसरू

गच्चीवाले भाऊ, स्लॅबमधली ओलही तपासत जा. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपनं चिकटवून रात्रभर, निदान सोळा तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा स्लॅब काळपट झाला तर थांबा. आणि सकाळी दहाला कोटिंग सुरू करू नका. स्लॅब तापत जातो, छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या कोटमध्ये बुडबुडे सोडते. दिवस कलताना, स्लॅब निवत असताना मारा. फक्त दव पडायच्या आत माल बोटाला लागेनासा झाला पाहिजे.

फोड नको असतील तर ऑक्साझोलिडीनवाले हार्डनरही मिळतात. तिथं ओल आधी ऑक्साझोलिडीनची कडी उघडते आणि त्यातून सुटलेले हायड्रॉक्सिल आणि अमाइन गट आयसोला धरतात, कार्बन डायऑक्साइड निघतच नाही. माल महाग आहे.

कुंथलगिरीचा पेढा

एक अडाणी प्रश्न. आयसोसायनेट म्हणजे भोपाळवालंच ना? मग हे लोक शेडमधे ड्रम भरून काय ठेवलालेत? आणि मी ज्या गादीवर लोळून हे वाचतोय तिचं काय?

बेन्झीनवलय

प्रश्न अडाणी नाही. गट तोच, माल वेगळा. भोपाळला मिथाइल आयसोसायनेट होतं, एवढासा रेणू, ३९ अंशांना उकळणारा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ई६१० या टाकीत चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट असताना पाणी शिरलं. पाण्याच्या अभिक्रियेची उष्णता सुटली, त्या उष्णतेनं आणि लोखंडाच्या अंशांनी आयसोसायनेटचे रेणू आपसांतही जोडले जाऊ लागले, त्यातून आणखी उष्णता. शीतकरण बंद ठेवलेलं होतं. माल उकळून वायू झाला आणि गावावर गेला.

एमडीआयचा रेणू मोठा आणि जड. साध्या तापमानाला त्याची वाफ अगदी थोडी होते, म्हणून वर्कशॉपमध्ये तो हाताळता येतो. पण तापवला किंवा फवारला की तो फुप्फुसात जाण्याजोगा होतो. गादीचा फोम बनवायला वापरतात तो टीडीआय हा दुसरा आयसोसायनेट त्यापेक्षा जास्त उडणारा, म्हणून फोमच्या कारखान्यात त्याची काळजी जास्त. तुमच्या गादीत मात्र आयसो उरलेला नाही, त्याचे युरेथेन आणि युरिया होऊन गेलेत. खुशाल लोळा.

पाणचक्की

भोपाळचा विषय निघालाच आहे तर युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रमुखाला, अँडरसनला, कुणी पळून जाऊ दिलं यावरही बोललं पाहिजे. त्या वेळच्या सरकारने

संपादक

पाणचक्की यांचा उर्वरित प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. भोपाळच्या राजकारणावर स्वतंत्र धागा काढावा, विषय भरकटवून या धाग्याचा काश्मीर करू नये.

वाळूजचा वाटसरू

गादीवरून आठवलं. मऊ फोमचे मोठे ब्लॉक ओततात तिथं पाण्याची दुसरी बाजू दिसते. पाण्याच्या एका मोलमागे साधारण ४७ किलोकॅलरी उष्णता निघते, युरेथेनच्या जोडामागे २४. फोम स्वतःच उष्णतारोधक, मग ही उष्णता जाणार कुठं? ओल्या कडब्याची गंजी मधून तापत जाते तसा ब्लॉक आतून तापतो. शंभर भाग पॉलिओलला पाणी साडेचार-पाच भागांपर्यंत गेलं की मध्यभाग १६०-१७० अंशांवर जातो. कधी आत पिवळा-तपकिरी डाग पडतो, ब्लॉक कापल्यावरच दिसतो. कधी गोदामात रात्री आग. म्हणून ताजे ब्लॉक एकमेकांना खेटून ठेवत नाहीत, पहिली रात्र मोकळ्या जागेत, पहाऱ्यात काढतात.

१९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि मंडळींनी पॉलियुरेथेन बनवलं तेव्हा त्यांना फोम नकोच होता, नायलॉनला टक्कर देणारे धागे हवे होते. पाण्यानं होणारे बुडबुडे हा वैतागच होता. आज त्या बुडबुड्यांवर अख्खा धंदा उभा आहे.

ओपीडी नंबर चार

अंबाजोगाईहून. रसायनशास्त्र बारावीनंतर सोडलं, पण दोन गोष्टी सांगते.

हात मोडल्यावर फायबरचं प्लास्टर घालतात, त्या पट्टीला पॉलियुरेथेनचं अर्धवट झालेलं रेझिन लावलेलं असतं. पाकीट फोडायचं, पाण्यात बुडवायचं, गुंडाळायचं. काही मिनिटांत कडक होतं आणि पेशंटला गरम लागतं. लेकरं घाबरतात. ती याच अभिक्रियेची ऊब आहे. पाकिटाला बारीक भोक पडलं असेल तर पट्टी आतच दगड होऊन निघते.

दुसरी गोष्ट दम्याची, ती जास्त महत्त्वाची. आयसोसायनेटनं दमा लागतो तो नेहमीच्या दम्यासारखा नसतो. शरीर एकदा त्याला ओळखायला लागलं की पुढं अगदी नगण्य प्रमाणही छाती आवळतं. त्या माणसाला ते काम कायमचं सोडावं लागतं. वासावर विसंबू नका, वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. रात्री खोकला, शनिवार-रविवारी बरं वाटणं, सोमवारी परत घरघर, असं सांगणारा कामगार आला की मी पहिला प्रश्न कामाचा विचारते. तेरणेकाठ, तुमची पोरं ड्रिलनं घुसळताना तोंडाला काय बांधतात?

तेरणेकाठ

रुमाल, मॅडम. खरं सांगायचं तर तेवढाच.

ओपीडी नंबर चार

रुमालानं काही अडत नाही. हवा खेळती ठेवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायला सांगा, आणि सेंद्रिय वाफांचं व कणांचं असं दोन्ही फिल्टर असलेले मास्क घ्या. फिल्टर बदलायची तारीख त्यावर लिहा. डोळ्यांना गॉगल, हाताला नायट्राइलचे मोजे. कातडीवर लागलं तर लगेच पुसून साबण-पाण्यानं धुवा, थिनर नको. कातडीतूनही शरीर त्याला ओळखायला शिकतं.

तेरणेकाठ

मास्क, गॉगल मागवतो. ड्रमचं कळवायचं राहिलं. सप्लायरचे दोन माणसं आले, सगळा जामानिमा घालून दाब सोडला. बराच वेळ सुस्कारे चालू होते. आत वरच्या बाजूला पिवळट, जाड पापुद्रा धरलाय. खालचा आयसो पातळ आहे. तो वापरू का?

बेन्झीनवलय

टाकीत नको. त्यात गट किती उरलेत हे मोजल्याशिवाय प्रमाण लावता येणार नाही. मोजतात ते डायब्युटिलअमाइन टाकून, उरलेल्या अमाइनचं आम्लानं टायट्रेशन करून. एका अर्ध्या ड्रमासाठी तेवढा खटाटोप परवडणार नाही. बूच नुसतं ठेवून, न आवळता, सप्लायरला परत घ्यायला लावा किंवा धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेला द्या. नाल्यात नाही, भंगारवाल्याला तर नाहीच.

जमिनीवर सांडलेल्या आयसोवर भुसा किंवा वाळू टाका, खरवडून उघड्या बादलीत भरा आणि त्यावर धुण्याचा सोडा पाच ते दहा टक्के आणि थोडा लिक्विड साबण घातलेलं पाणी ओता. बादली दोन दिवस तरी उघडी, मोकळ्या हवेत राहू द्या. झाकण लावलं की तुमचा ड्रमच परत तयार झाला.

मोसंबी

जालन्यात आमचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. टू-के (दोन भाग मिसळून मारायच्या) क्लिअर कोटचा उरलेला हार्डनर डब्यात राहतो, महिनाभरानं गढूळ होतो, तळाशी पांढरं बसतं. पोरगं कापडातून गाळून वापरतो. चालतं का?

वाळूजचा वाटसरू

नाही. तो हार्डनर म्हणजे बहुधा एचडीआय नावाच्या आयसोसायनेटची तिकडी, तीन रेणू एकत्र जोडलेली. वर्गातला पाण्याशी सावकाश चालणारा विद्यार्थी, म्हणून तुमचा डबा एमडीआयच्या मानानं बराच टिकतो. पण पांढरं दिसतं ते युरिया. कापडात युरिया अडकतो, तो बनवताना खर्ची पडलेले गट परत येत नाहीत. प्रमाण तेच धरलं तर क्लिअर मऊ राहतो, पेट्रोल सांडलं की डाग धरतो, आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात. आणि क्लिअर मारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, फवारा आहे तो.

मोसंबी

बरं. मग उरलेला माल लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवला तर?

वाळूजचा वाटसरू

चालेल, मात्र माल अजून स्वच्छ असतानाच भरा. गढूळ झालेला झाकून ठेवायचा नाही. बाटली काचेची किंवा पत्र्याची घ्या, प्लास्टिकमधून ओल हळूहळू आत येते. आणि बाटली नुसती धुऊन पुसलेली नको, तापवून कोरडी केलेली आणि झाकण लावून थंड झालेली हवी.